होडीचं बारसं

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचा कारखाना. तिथं क्रांतीताईच्या हातात कायम एक लहानशी हातोडी असायची. ओतून थंड झालेला लोखंडी भाग टेबलावर आला की ती त्याला हलकेच टोला मारायची आणि मान तिरकी करून ऐकायची. खणखणीत आवाज आला तर माल पुढे, बद्द आला तर बाजूला. "आत चीर हाय," एवढंच म्हणायची. मग आम्ही त्यावर लाल औषध फवारून तपासायचो आणि चीर निघायचीच. मी ऋता, तिथली इंजिनिअर, कागदोपत्री तिची साहेब. पण शिकायचं कुणी कुणाकडून, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

ती मंगळवार पेठेत आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायची. चौतिशीची, उंच, रुंद खांद्यांची, एकटी. सकाळी साडेसहाच्या कंपनीच्या बसला आम्ही एकत्र जायचो. तिची हकीकत मला त्या बसमध्येच कळली, रोज थोडी थोडी.

शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी तिचं गाव. जयसिंगपुरात एसटी बदलून जावं लागतं. तिच्या वडिलांना, बाळासोंना, तीन मुलींवर ही चौथी झाली. तिकडं समजूत अशी की मुलीचं नाव नकुसा ठेवलं की देवाला कळतं, आता मुली नकोत. मग पुढचा मुलगा होतो. बारशाला तिच्या आत्यानं, बायडाबाईंनी, पाळण्यात वाकून बाळाच्या कानात तेच नाव सांगितलं. पुढं मुलगा काही झाला नाही. नाव मात्र राहिलं.

"शाळंत हजेरीला नाव घेतलं की आख्खा वर्ग हसायचा," ती सांगायची. "हसंनात का. पन घरात आई मायेनं हाक मारायची, त्यातबी त्येच की. म्हंजे 'नको असल्याली, ये, भाकरी खा.' असं व्हायचं त्ये."

ती नववीत गेली तेव्हा मुख्याध्यापकांनी तिला ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "दहावीच्या सर्टिफिकेटवर नाव चढलं की बदलणं अवघड. आत्ता बदलायचं का? काय लावू?" तिला काही सुचेना. खिडकीतून रस्त्यापलीकडची पाटी दिसत होती, 'क्रांती तरुण मंडळ'. ती म्हणाली, "सर, त्येच लावा." शब्दाचा अर्थ तिला पुढच्या वर्षी इतिहासाच्या पुस्तकात सापडला.

ते दोन हजार पाच साल होतं. महिनाभरात महापूर आला. त्यांच्या गोठ्याची भिंत पडली आणि दोन म्हशी गेल्या. बाळासो कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सगळ्या गल्लीदेखत म्हणाले, "हिनं नाव बदललं आन् माझं घर बुडीवलं."

त्याच पुरात ह्या चौदा वर्षांच्या पोरीनं गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटली होती. काहील म्हणजे गुळाचा रस आटवायची ती भली थोरली पसरट कढई. बांबूनं रेटत तिनं दिवसभरात गल्लीतली एकोणीस माणसं शाळेच्या माडीवर पोचवली. त्या एकोणीस माणसांबद्दल घरात कोणी काही बोललं नाही. म्हशींबद्दल मात्र वीस वर्षं बोललं गेलं.

"तुला खरंच वाटतं, नावामुळं पूर आला?" मी एकदा विचारलं.

"डोस्क्याला वाटत न्हाय," ती म्हणाली. "पन पोटाला वाटतंय."

रंकाळा तलावावर ती रोज संध्याकाळी फिरायला जायची. तिथं गणपतराव नावाचे एक गृहस्थ रविवारी शिडाच्या होड्या चालवायला शिकवतात. बावीस वर्षं नौदलात काढून गावी परतलेले, साठी ओलांडलेले, आवाज असा की ह्या काठावरून ओरडले तर त्या काठावरचा माणूस दचकावा. एका संध्याकाळी क्रांतीताईनं शीड फुगवून वाऱ्यात तिरकी पळणारी होडी पाहिली. इंजिन नाही, वल्हं नाही. ती काठाच्या कट्ट्याशी थांबली ती अंधार पडेपर्यंत. पुढच्या रविवारी तिनं नाव घातलं आणि मलाही ओढलं. "दोघी लागत्यात गं होडीत. येक सुकानू धरायला, येक शीड."

वर्षभरात ती अशी तयार झाली की गणपतराव तिला चुका सांगायच्या ऐवजी तिच्या चुका शोधायला लागले. पण होड्या कमी, शिकणारे जास्त. तिला स्वतःची होडी हवी होती. शेडच्या मागं एक होडी पालथी पडलेली होती. फायबरची, दोघांची, उन्हानं पिवळी पडलेली. कडेला चकचकीत स्टिकर, 'सोनपरी'. क्लबातली माणसं मात्र तिला बुडकी म्हणायची.

"ती घे की," गणपतराव म्हणाले. "फुकट घे. पन आधी तिची गोष्ट ऐक. ही मालवनाकडची. मूळ नाव रत्नमाला. मग येका हॉटेलवाल्यानं घेतली. त्येनं काय केलं, जुनं नाव पुसायचा कट्टाळा केला आन् त्येच्यावरच नव्या नावाचं स्टिकर डकवून पान्यात सोडली. तवापास्नं उलटतीया. तिथं तीनदा, हितं दोनदा."

"नावापायी?" क्रांतीताईनं विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"दर्यावरची मानसं सांगत्यात बाबा. होडीचं नाव बदलू नये. पानी होडीला नावानं वळखतं. नाव लपवून आत शिरली की त्ये चोर समजतं."

पुढचे चार दिवस क्रांतीताई बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली. पाचव्या दिवशी कागलचा फाटा आला तेव्हा एकदम म्हणाली, "सोनपरी म्हनून मी बसनार न्हाय तिच्यात. कुनीतरी डकवल्यालं नाव हाय त्ये. बदलायचं. पन समदी रीत पाळून. येक बी गोष्ट चुकवायची न्हाय."

रविवारी गणपतरावांनी रीत सांगितली. होडीला हात लावून मोठ्यानं सांगायचं, की तुझं नाव उतरवतोय. जुनं नाव असलेली एकही वस्तू आत ठेवायची नाही. दोरी, बादली, कागद, काही नाही. अक्षरांवर रंग फासायचा नाही, ती खरवडून काढायची, खालचं अंग दिसेपर्यंत. बिननावाच्या होडीला पाणी लावायचं नाही. आणि नवं नाव ठेवायचं ते बाळासारखं, माणसं बोलावून, सगळ्यांच्या कानावर घालून.

आम्ही शेडमध्ये कामाला लागलो. क्रांतीताईनं होडीच्या पाठीवर तळवा ठेवला आणि शेजारच्या वडापाववाल्यालाही ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, तुझी दोनी नावं उतरीवतो. राग धरू नकोस." मी हसले नाही. हसण्यासारखं ते नव्हतंच.

स्टिकर निघालं. खाली पुसट हिरवी अक्षरं होती, रत्नमाला. तीन संध्याकाळी पॉलिश पेपर घासून माझे खांदे भरून आले. "ताई, आता वाचता तरी येतंय का? वरून दोन हात रंग मारू या की."

"न्हाय. खरवडायचं म्हनल्यात."

चौथ्या संध्याकाळी 'मा'च्या खालच्या कडेशी पेपर मऊ लागला. क्रांतीताई थांबली. तिनं पिशवीतून कारखान्यातली ती हातोडी काढली आणि होडीच्या कडेनं टोले मारत आली. टण, टण, टण, आणि मग बद्द. तिनं पुन्हा मारला. पुन्हा बद्द. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परवानगी काढून लाल औषधाचा डबा घेऊन आले. फवारलं, पुसलं, पांढरा थर मारला. बघता बघता त्या थरातून वीतभर लांब लाल रेघ उमटली.

चीर होती. कुणीतरी कधीतरी ती लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवली होती आणि बरोबर तिच्यावरच स्टिकर मारलं होतं. होडीच्या कडेत हवेची बंद पेटी असते, तिच्यामुळं होडी तरंगते आणि तोल राखते. ह्या चिरेतून त्या पेटीत थेंब थेंब पाणी शिरत होतं. होडी कलली की आतलं पाणी एका अंगाला धावायचं, आणि बुडकी उलटायची.

गणपतराव चष्मा लावून त्या लाल रेघेवर वाकले. मग विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघितलंस? रीत पाळली म्हनून गावली."

"चीर होती म्हणून उलटत होती ती, काका," मी म्हणाले. "नावाचा काय संबंध?"

"रंग मारला असता तर गावली असती?"

मी औषधाचा डबा पिशवीत टाकला.

"भांडत बसू नगासा," क्रांतीताई म्हणाली. ती त्या रेघेवरून बोट फिरवत होती आणि तिचा चेहरा उजळला होता. कितीतरी वर्षांचं काहीतरी तिच्या मनात त्या क्षणी सुटत असावं. "नावानं न्हवं बुडत. चिरीनं बुडत हुती." ती स्वतःशीच दोनदा म्हणाली. मग आमच्याकडं वळली, "फायबर कुठं मिळंल त्ये सांगा."

चीर भरली. पेटीत पाणी भरून आठ दिवस ठेवलं. थेंब बाहेर आला नाही. निळा रंग दिला. आता नाव हवं होतं. मी सुचवलेली नावं तिनं ऐकून घेतली. पवनकन्या, करवीरची राणी, असलं काहीबाही. मग म्हणाली, "नाव ठरलंय. नकुसा."

शेडमधले सगळे हातातलं काम सोडून वळले.

"अगं, असलं अशुभ नाव?" क्लबातलं कोणीतरी म्हणालं.

"मी त्ये टाकून दिलं हुतं," ती म्हणाली. "टाकलं म्हनून गेलं न्हाय. गावात अजून मागं लागतंय. आता त्येला कामाला लावायचं. पळू दे की जरा."

मला वाटलं गणपतराव चिडतील. त्यांनी डोकं खाजवलं आणि खदाखदा हसले. "झ्याक! दगडू, धोंडू नावं कशापायी ठेवत्यात? यमानं बघू नये म्हनून. पानी बी म्हनंल, ही नकोच, जा वर. ठेव बिनघोर!"

बारसं रंकाळ्याच्या काठावर एका रविवारी सकाळी ठरलं. कानात नाव सांगायला आत्याच हवी, म्हणून क्रांतीताईनं गावाकडून बायडाबाईंना बोलावलं. सत्तरी पार केलेल्या, नऊवारीतल्या, गुडघे धरून चालणाऱ्या. कशासाठी बोलावलंय एवढं माहीत होतं. नाव माहीत नव्हतं. ते कळलं तेव्हा हातातलं घुगऱ्यांचं पातेलं त्यांनी खाली ठेवलं.

"त्ये नाव माझ्या तोंडातनं पुन्यांदा काडू नगंस," त्या म्हणाल्या. "मला म्हनाली मानसं, म्हनून सांगितलं तुझ्या कानात. तू कशी टकामका बघत हुतीस. त्येच डोळं मला दिसत्यात आजवर."

"आत्ती," क्रांतीताई त्यांच्याजवळ बसली, "तवा तुला सांगाय लावलं. आज मी सांगतो. तवा नको म्हनून ठेवलं. आज मला पायजे म्हनून ठेवतोय. तुझ्या तोंडातनंच पायजे."

बायडाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग उठल्या. पेठेतल्या बायकांनी होडीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. बायडाबाई होडीच्या टोकाशी वाकल्या, दोन्ही हातांचा द्रोण करून आधी "कुर्रर्र" केलं आणि कुजबुजायच्या ऐवजी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नकुसा! लई पळ माझी बाई!" बायकांनी रिवाजाप्रमाणं त्यांच्या पाठीत धपाटे घातले. घुगऱ्या वाटल्या. होडी पाण्यात गेली, हलली, सरळ झाली आणि उभी राहिली.

गेल्या श्रावणात क्लबानं शर्यत ठेवली. सात होड्या, तीन फेऱ्या. वळायची एक खूण संध्यामठाजवळ, एक शालिनी पॅलेसच्या बाजूला. तळं काठोकाठ भरलेलं. पेठेतली पोरंपोरी, बायका, भेळवाले, सगळी गर्दी कठड्याला. फुटबॉलच्या सामन्याला लोटतात तसे लोटलेले. बायडाबाई भावाला घेऊन आल्या होत्या. बाळासो पटका बांधून एका बाजूला उभे होते. मुलीशी काही बोलले नव्हते.

सगळ्यांना माहीत होतं की जिंकणार क्लबातला अमरसिंह. त्याची होडी नवी, शीड नवं, आणि तो चालवतोही उत्तम. माणूस मनमोकळा. सुरू होण्याआधी येऊन क्रांतीताईला म्हणाला, "ताई, नाव भारी ठेवलंसा. पन मागं बघून चालवा, मी पुढं असनार."

पहिल्या फेरीत आम्ही चौथ्या होतो, दुसऱ्या फेरीत दुसऱ्या. तिसऱ्या फेरीत वारा पडला. अमरसिंह साठ-सत्तर हात पुढं. सगळ्या होड्या त्याच्या मागं, दक्षिणेच्या काठाकडं, कारण सकाळपासून वारा तिकडूनच येत होता. शीड लटकलं. माझ्या हातातली दोरी सैल पडली.

क्रांतीताई पाण्याकडं बघत होती. पलीकडं, संध्यामठाच्या मागं, पाण्यावर एक काळसर सुरकुती सरकत होती. काहिलीत बसून पुराचं पाणी वाचायला शिकलेले ते डोळे.

"ऋता, वळायचं," ती म्हणाली. "तिकडं."

"ताई, सगळे इकडं आहेत!"

"असू देत. वारा तिकडनं यालाय."

आम्ही एकट्या वळलो. काठावरून हुर्यो ऐकू आली. "बुडकी चालली कुठं?" कुणीतरी ओरडलं. मिनिटभर आम्ही नुसत्या तरंगत होतो, आणि अमरसिंह आणखी पुढं गेला. मग माझ्या मानेला गार लागलं. पुढच्या क्षणी वारा धाडकन शिडावर आदळला आणि होडी एका अंगावर कलली.

"बाहीर! बाहीर हो!" क्रांतीताई ओरडली.

आम्ही दोघींनी पट्ट्यात पाय अडकवून अंग बाहेर टाकलं, पाठी पाण्याला टेकतील इतकं. खालची कड पाण्यात बुडाली. पाच वेळा उलटलेली होडी. मी डोळे मिटले. ती उलटली नाही. ताण खाऊन थरथरली आणि सुटली. असला वेग मी आयुष्यात अनुभवला नव्हता. पाणी फाटल्यासारखं दोन्ही बाजूंनी उडत होतं. अमरसिंहाचं पांढरं शीड जवळ आलं, बाजूला आलं, मागं गेलं. तो वळून आमच्याकडं बघत होता, तोंड उघडं.

शर्यत होडीभर अंतरानं आमची झाली.

माइकवर विश्वजित नावाचा पेठेतला कार्यकर्ता होता. "पहिली... पहिली आलेली होडी..." तो अडखळला. ते नाव लाऊडस्पीकरवर कसं घ्यायचं, त्याला कळेना. मग त्यानं श्वास घेतला. "नकुसा! पहिली, नकुसा!"

कठड्यावरून एक बाई ओरडली, "नकुसा!" मग दहा जणी. मग आख्खा काठ. फुटबॉलला गोल झाल्यावर उठतो तसा आवाज. टाळ्या, शिट्ट्या, हलगी. क्रांतीताई सुकाणू धरून ताठ बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, तळ्याचं नव्हे.

काठ जवळ आला तसे बाळासो धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आमची दोरी धरली आणि होडी ओढायला लागले. शेजारच्या माणसानं विचारलं, "पावणं, कुनाची म्हनायची ही?"

"माझी हाय," बाळासो म्हणाले.

"होडी?"

"लेक." त्यांनी दोरीला आणखी एक ओढ दिली. "होडी तिची हाय."

क्रांतीताई उतरली. बापलेक समोरासमोर उभे राहिले. बाळासो शब्द जुळवत होते. "त्या पुरात," ते म्हणाले, "तू मानसं काडलीस काहिलीतनं. म्या बघितलं हुतं. म्हनलो न्हाय कदी."

"आता म्हनलासा की, आबा," ती म्हणाली आणि त्यांचा ओला हात तिनं धरून ठेवला.

अमरसिंह आला, तिला सलाम ठोकला आणि गणपतरावांच्या पाया पडून म्हणाला, "काका, माझ्या होडीचं बी बारसं करा." गणपतरावांनी त्याला तिथल्या तिथं सगळी रीत ऐकवली, एकही कलम न गाळता.

जानेवारीत आम्ही नकुसाला ट्रॉलीवर बांधून घाट उतरलो. मालवणाकडं समुद्रातली शर्यत होती. तिथं आमचा नंबर कितवा आला ते मी सांगणार नाही. वीस होड्यांत शेवटच्या नव्हतो, एवढंच. पण किनाऱ्यापासून आत गेल्यावर पहिली मोठी लाट होडीवर फुटली आणि आम्ही दोघी डोक्यापासून पायापर्यंत भिजलो. मी घाबरून मागं पाहिलं. क्रांतीताई ओठ चाटत होती आणि मोठमोठ्यानं हसत होती.

"खारट हाय की गं!" ती ओरडली, आणि सुकाणू खुल्या समुद्राकडं वळवलं.